पाटी बदलली, कुलुपाचें काय?

नवें घर विकत घेतलें अथवा भाड्यानें घेतलें, म्हणजे पहिल्या आठवड्यांत काय काय होतें तें आठवून पाहा. चांगला दिवस पाहून कलश ठेवला जातो, शेगडीवर दूध उतूं दिलें जातें, दारावर आंब्याचें तोरण चढतें. विजेच्या मीटरवरचें नांव बदलण्यासाठीं अर्ज जातो, गॅसची नोंद फिरते, सोसायटीच्या कचेरींत कागद दाखल होतात. आणि या सर्वांच्या अगोदर, बहुधा पहिल्याच दिवशीं, जुन्या मालकाच्या नांवाची पाटी उतरून तेथें आपल्या नांवाची पितळी पाटी लागते. ती ज्या दारावर लागते त्याच दाराला, पाटीपासून हातभर अंतरावर, जुन्या मालकाचेंच कुलूप असतें. आणि पुढें कित्येक वर्षें तें तसेंच राहतें.

याचें कारण उघड आहे. आपल्याकडे वस्तु बदलावयाची ती बिघडली म्हणजे. नळ गळूं लागला, पंखा करकरूं लागला, तर आपण कारागिराला बोलावतों. कुलूप मात्र नीट चालत असतें. किल्ली घातली कीं फिरतें, दार ओढलें कीं बसतें. मग चांगलें चाललेलें कुलूप काढून टाकणें ही उधळपट्टी नव्हे काय, असा प्रश्न घरांतील वडील मंडळी विचारतात, आणि वरवर पाहतां तो वाजवी आहे. आजच्या भाषणांत मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, हा प्रश्न कुलुपाकडे पाहून विचारलेला आहे, आणि तो विचारावयास हवा किल्ल्यांकडे पाहून.

घराचा ताबा देतांना विक्रेता एका पाकिटांतून दोन किंवा तीन किल्ल्या देतो. मनुष्य सज्जन असतो. त्याच्यापाशीं आहेत तेवढ्या सगळ्या तो देतो. पण त्याच्यापाशीं नाहींत त्यांचें काय? दहा-बारा वर्षांच्या संसारांत एक किल्ली ठाण्याला दिलेल्या मुलीकडे गेलेली असते, एक सकाळीं स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंकडे असते. मे महिन्यांत मंडळी गांवीं गेली तेव्हां कुंड्यांना पाणी घालण्यासाठीं एक शेजारीं ठेविलेली असते. घर विकण्याचें ठरल्यावर एक दलालाकडे जाते. तो वीस गिऱ्हाइकांना घर दाखवितो; कधीं स्वतः येतो, कधीं आपल्या पोऱ्याच्या हातीं किल्ली देऊन पाठवितो. रंगारी, सुतार, नळकाम करणारा, पंखे बसविणारा हे निराळेच. यांतील एखादी किल्ली कोणाच्या खुंटीवर, कोणाच्या फडताळांत, कोणाच्या जुन्या कोटाच्या खिशांत विसरून पडलेली असते. आणि विसरलेली किल्ली ही कांहीं बोथट झालेली किल्ली नव्हे. शिवाय स्टेशनाबाहेर कानस घेऊन बसलेला किल्लीवाला मूळ किल्ली हातांत मिळाली तर दहा मिनिटांत तिची जुळी बहीण करून देतो. घर कोणाचें, किल्ली कोणाची, हें तो विचारीत नाहीं. विचारण्याचें त्याला कारणही नाहीं. नक्कल झाल्याची कसलीच खूण मूळ किल्लीवर राहत नाहीं. म्हणून "या कुलुपाच्या किल्ल्या एकूण किती?" या प्रश्नाचें खरें उत्तर प्रामाणिकांतल्या प्रामाणिक विक्रेत्यालाही देतां येत नाहीं.

नव्या कोऱ्या इमारतींत तरी ही अडचण नसेल, असें कोणाला वाटेल. उलट तेथें ती अधिकच असण्याचा संभव. दाराला कुलूप बसतें तें ताबा मिळण्याच्या पुष्कळ आधीं. त्यानंतर फरशी घासणारे येतात, विजेचे दिवे जोडणारे येतात, खिडक्यांच्या कांचा पुसणारे येतात. घराच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली किल्ली कामावरच्या कचेरींतील फळीवर टांगलेली असते, आणि ज्याला गरज पडेल तो ती घेऊन जातो. कांहीं बांधकाम करणारे ताबा देतांना कुलुपाचा गाभा बदलून देतात; तसें झालें आहे काय, हें स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावें. चकचकीत डबींतून किल्ली मिळाली म्हणजे ती कोरी आहे असें समजूं नये.

आपल्या जुन्या वाड्यांना हा प्रश्न पडत नसे. वाड्याचा मोठा दरवाजा रात्रीं लागला म्हणजे भिंतींत सरकवून ठेवलेला लांकडी अडसर ओढून आडवा घालीत. अडसराला किल्ली नसते. तो आंतूनच घालावयाचा आणि आंतूनच काढावयाचा. म्हणजे घरांत कोणीतरी आहे हें त्यानें गृहीतच धरलेलें असतें. आणि असेही कोणीतरी नेहमी: आजी असे, आत्या असे, ओसरीवर कोणी पाहुणा असे. बाहेरून लावावयाचें कुलूप हें मुख्यतः रिकाम्या घराचें साधन आहे, आणि आजचें शहरी घर दिवसाचे आठ-दहा तास रिकामें असतें. नवराबायको कामावर, मुलें शाळेंत, वडील मंडळी गांवीं किंवा दुसऱ्या मुलाकडे. अडसराचें काम जें माणसें करीत तें आतां बोटभर लांबीचा धातूचा तुकडा करतो, आणि तो तुकडा किती ठिकाणीं आहे हें आपल्याला ठाऊक नसतें.

कुलूप करणाऱ्यांनीं आपली बहुतेक सारी विद्या एकाच गोष्टीसाठीं खर्च केली: किल्लीवांचून तें उघडतां येऊं नये. इंग्लंडांत १७७८ सालीं रॉबर्ट बॅरन यानें, १७८४ सालीं जोसेफ ब्रामा यानें, १८१८ सालीं जेरेमाया चब यानें नवीं नवीं कुलुपें काढलीं. चबच्या कुलुपाची गंमत अशी कीं, कोणी खोट्या अवजारानें खटपट केली तर तें आंतून अडकून बसे आणि मालकाला चुगली सांगे. ब्रामाच्या कुलुपाविषयीं त्याच्या दुकानाला एवढा विश्वास होता कीं, लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरील खिडकींत तें मांडून, जो किल्लीवांचून उघडील त्याला २०० गिन्या, अशी पाटी त्यांनीं लाविली होती. पुढें १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनाला अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नांवाचा एक कुलूपकार आला. त्यानें चबचें कुलूप २५ मिनिटांत उघडलें. ब्रामाच्या कुलुपानें मात्र त्याला चांगलेंच झुंजविलें. १६ दिवसांत मिळून सुमारें ५१ तास काम करावें तेव्हां तें उघडलें. लंडनांत मोठी खळबळ उडाली, आणि त्या खळबळींतून पुढचीं कुलुपें अधिक चांगलीं झालीं. आपल्या देशांतही या धंद्याला मोठी परंपरा आहे. अलीगढचीं कुलुपें सर्वांना ठाऊक आहेतच. तामिळनाडूंतील दिंडीगलच्या कुलुपांना २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आणि मुंबईंत लालबागला १८९७ सालीं आर्देशिर गोदरेज यांनीं वकिली सोडून कुलुपें करावयास आरंभ केला.

ही सारी विद्या किल्ली नसलेल्या माणसाविरुद्ध आहे, हें लक्षांत घ्या. हॉब्जसारखा कसबी मनुष्य आपल्या दाराशीं येऊन १६ दिवस बसण्याचा संभव फार थोडा. ज्याच्या हातीं किल्ली आहे त्याला दोन क्षण पुरतात. आवाज होत नाहीं, लांकूड फुटत नाहीं, आणि जिन्यांत भेटलेला शेजारी त्याला "पाहुणे वाटतें" असें म्हणून वाट देतो. ब्रामाचें कुलूपही त्याच्यापुढें मऊ मेणासारखें.

आतां कुलुपाच्या पोटांत काय असतें तें थोडें पाहूं, कारण तें समजलें म्हणजे पैसे कोठें वाचतात हेंही समजतें. आजच्या बहुतेक घरांच्या मुख्य दारांत पितळेचा एक लहानसा गाभा बसविलेला असतो. या गाभ्याच्या आंत किल्लीबरोबर फिरणारा एक दंडगोल, आणि त्याभोंवतीं न फिरणारें कवच. दोहोंना आरपार अशीं पांच किंवा सहा उभीं छिद्रें असतात. प्रत्येक छिद्रांत एकावर एक अशा दोन बारीक खुंट्या आणि त्यांवर एक स्प्रिंग. किल्ली नसतांना स्प्रिंगच्या दाबानें वरची खुंटी अर्धी कवचांत व अर्धी दंडगोलांत अशी अडकून राहते, आणि दंडगोल फिरूं शकत नाहीं. योग्य किल्ली आंत गेली म्हणजे तिच्या उंचसखल खाचा प्रत्येक जोडीला नेमकें एवढें उचलतात कीं, दोन खुंट्यांमधील सांधा बरोबर कवच आणि दंडगोल यांच्या सीमेवर येतो. एक खुंटी जरी केंसभर खालींवर राहिली तरी दंडगोल अडतो. लांकडी खुंट्यांचीं याच तत्त्वावरचीं कुलुपें प्राचीन मिसर देशांत होतीं. त्यांना आजचें आटोपशीर रूप दिलें तें लायनस येल या अमेरिकनानें, १८६१ व १८६५ सालीं मिळविलेल्या पेटंटांनीं.

समजा, खुंट्या पांच आणि प्रत्येकीच्या उंचीचे सहा प्रकार. तर निरनिराळ्या किल्ल्या होतील ७,७७६. खुंट्या सहा केल्या तर ४६,६५६. प्रत्यक्षांत याहून कमी होतात, कारण अगदीं खोल खाचेशेजारीं अगदीं उथळ खाच कापतां येत नाहीं. पण मुद्दा आंकड्यांचा नाहीं. मुद्दा हा कीं, किल्ली ओळखण्याचें काम हा एवढासा गाभा करतो. बाकीच्या कुलुपाला, म्हणजे चौकटींत शिरणाऱ्या दांडीला, मुठीला, पत्र्यांना, किल्ली कोणती याचा पत्ताही नसतो. म्हणून बदलावयाचा असतो तो बहुधा हा गाभा. सारें कुलूप नव्हे. ज्या वडील मंडळींना उधळपट्टीची भीति वाटत होती त्यांना हें अवश्य सांगावें.

ऐकतां ऐकतां उठून आपल्या दाराची कड पाहिली तरी चालेल. मुठीचें आणि लांब पट्टीचें कुलूप असेल तर दाराच्या जाडींत, दांडीच्या खालीं, एक स्क्रू दिसेल. गाभा त्या एकाच लांब स्क्रूनें धरलेला असतो. दार उघडें ठेवून तो स्क्रू काढावा, किल्ली घालून किंचित फिरवावी, म्हणजे गाभ्याच्या मधली जीभ आंत सामावते आणि गाभा सरळ बाहेर येतो. तो खिशांत घालून दुकानांत जावें. लांबी मोजावयाची ती स्क्रूच्या छिद्राच्या मध्यापासून दोन्हीं टोंकांपर्यंत निरनिराळी; ३० आणि ३० मिलिमीटर, ३५ आणि ३५, आणि दाराला बाहेरून शोभेची जाड फळी असेल तर दोन्हीं बाजू असमानही असतात. नवा गाभा बाहेरच्या पट्टीपुढें दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक डोकावूं नये. तसा डोकावला तर पकडीनें धरून तो मधोमध मोडतां येतो, आणि मग खुंट्या पांच कीं सहा या हिशेबाला कांहीं अर्थ उरत नाहीं. हें काम हातांत पेचकस धरतां येणाऱ्या कोणालाही पाव तासांत जमतें. आमच्याकडे अशा कामाला पुरुषमाणसाचीच वाट पाहण्याची जी रीत आहे तिचें कारण मला कधीं समजलें नाहीं.

दाराच्या आंतल्या बाजूवर पेटीसारखें बसविलेलें लॅच असेल तर गाभा आंतून दोन स्क्रूंनीं आवळलेला असतो. त्याचा नुसता गाभा बाजारांत मिळाला तर उत्तम. न मिळाला तर त्याच मापाचें पुरें लॅच घ्यावें, म्हणजे सुताराला दार नव्यानें कोरावें लागत नाहीं. लांब दांड्याच्या, दांतेरी किल्लीचीं जुनीं कुलुपें खुंट्यांवर चालत नाहींत, पोटांतील पट्ट्यांवर चालतात. जाणता कारागीर त्या पट्ट्यांची फेररचना करूं शकतो, पण असा कारागीर शोधण्यापेक्षां कुलूपच बदलणें बहुतेकांना सोईचें पडतें. आणि जेथें किल्ली अर्धी घातली तरी फिरते, किंवा दांडी चौकटींत डुगडुगते, तेथें गाभ्याची काटकसर करूं नये.

कायदा या बाबतींत काय म्हणतो तें ऐकण्यासारखें आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेंत घरफोडीची जी व्याख्या होती तींत, गुन्ह्याच्या हेतूनें कुलूप उघडून आंत शिरणें हा एक प्रकार स्पष्टपणें सांगितलेला होता. मालकाची हरवलेली किल्ली कोणाला सांपडली आणि त्या किल्लीनें दार उघडून तो आंत शिरला, तर तीही घरफोडीच, असें उदाहरणच तेथें दिलेलें होतें. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. कुलूप उघडून शिरणें ही घरफोडी, हें तत्त्व तिनेंही कायम ठेविलें. म्हणजे फौजदारी कायद्याच्या दृष्टीनें कांहीं फुटलें नाहीं तरी घर फुटलें.

विम्याची दृष्टि मात्र निराळी असूं शकते, आणि येथें पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांची फसगत होते. चोरीचा विमा हा करार आहे. त्यांत जे शब्द असतील ते खरे. अनेक करारांत नुकसानभरपाई मिळण्यासाठीं चोर बळाचा वापर करून आंत शिरलेला असावा, अशी अट असते. २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशाच एका प्रकरणांत निकाल दिला कीं, करारांत तशी अट असेल तर बळाचा वापर झाल्याचें दिसलें पाहिजे. फौजदारी कायद्यांतील व्याख्या तेथें उसनी आणतां येणार नाहीं. आतां विचार करा. जुन्या किल्लीनें दार उघडून कोणी आंत आला, कपाटांतील डबा घेऊन गेला, जातांना दार नीट ओढून गेला. पोलिसांच्या लेखीं घरफोडी झाली. पण विमा कंपनीच्या माणसानें दार पाहिलें तर त्यावर एक ओरखडाही नाहीं. सर्वच करार असे नसतात, साध्या चोरीलाही भरपाई देणारे असतात; म्हणून आपला कागद काढून त्यांतील शब्द वाचून ठेवावे.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें या दोहोंहून निराळें आहे. घरांतील एक बांगडी दिसेनाशी झाली अशी कल्पना करा. कुलूप शाबूत, खिडक्या शाबूत. पहिला प्रश्न येतो: किल्ली कोणाकोणाकडे होती? आणि या प्रश्नाबरोबर नांवें घेतलीं जाऊं लागतात. जुन्या मालकाकडे काम करणाऱ्या बाई, रखवालदार, दलालाचा पोऱ्या, जुन्या मालकाचा मुलगा, ज्याचें वळण म्हणे बरें नव्हतें. यांच्यापैकीं कोणाविरुद्धही पुरावा नसतो. पण कोणाच्याही बाजूनेंही पुरावा नसतो, आणि संशयाला तेवढें पुरतें. शिवाय संशय खालीं उतरत जातो. ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्यावर जाऊन बसतो. बाईंना चौकींत बोलावून तासन्‌तास बसविलें जातें, त्याच इमारतींतील आणखी दोन घरचें काम सुटतें. पुढें बांगडी गादीच्या खोळींत सांपडली तरी सुटलेलें काम परत मिळत नाहीं, आणि सांपडल्याची बातमी चौकशीच्या बातमीइतकी लांब जातही नाहीं.

कुलूप बदललेलें असेल तर याच प्रश्नाला नेमकें उत्तर असतें: किल्ल्या चार, आणि त्या या चार हातांत. जे घर सोडून गेले, ज्यांचें काम संपलें, ते सर्व त्या दिवसापासून मोकळे झाले. नवें कुलूप लावलें तर जुने मालक काय म्हणतील, आपण त्यांच्यावर अविश्वास दाखविला असें त्यांना वाटेल, असा संकोच पुष्कळांना होतो. खरें म्हणजे घर विकणाऱ्यानेंच, "माझ्या किल्ल्या घ्या आणि कुलूप बदला," असा आग्रह धरावा. त्यांत त्याचेंच हित अधिक.

कुलूप म्हणजेच अविश्वास, असें म्हणणारेही आहेत, आणि ते अहिल्यानगर जिल्ह्यांतील शनिशिंगणापूरकडे बोट दाखवितात. तेथील घरांना परंपरेनें दारें नाहींत आणि कुलुपें नाहींत. २०११ सालीं युको बँकेनें तेथें कुलुपाविना शाखा उघडली तेव्हां ती बातमी सर्वत्र छापून आली. पण तेथील परंपरेच्या मागें साऱ्या गांवाची एक समान श्रद्धा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख उभी आहे. आपण राहतों त्या चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतींत समोरच्या दारांतल्या माणसाचें नांव पाटी वाचून कळतें. शिंगणापूरचा विश्वास उसना आणून येथें टांगतां येत नाहीं.

आतां कुलूप बदलावयाचें केव्हां? पुष्कळ लोक ताबा मिळाल्याच्या दुपारींच भारी कुलूप बसवितात आणि दुसऱ्या दिवशीं त्याचीच किल्ली सुताराच्या हातीं देतात. मग तें कुलूप आणि जुनें कुलूप यांत फरक काय राहिला? घरांत अजून कोणी राहावयास आलेलें नाहीं आणि रंगकाम, फडताळें, विजेचीं कामें चाललीं आहेत, तोंपर्यंत जुन्या कुलुपावरच भागवावें. दाराला कडी-कोयंडा असल्यास त्यांत एक साधें कुलूप जास्तीचें अडकवावें, आणि किंमती सामान आणूं नये. शेवटचा कारागीर हिशेब घेऊन गेला कीं त्याच संध्याकाळीं नवा गाभा बसवावा. मात्र कुटुंब राहावयास आलें असेल आणि कामें मागाहून होणार असतील, तर कुलूप आधीं बदलावें आणि कारागिरांना दार घरच्या माणसानें उघडून द्यावें; किल्ली देऊं नये. हा थोडा त्रास आहे, पण तो आठ-पंधरा दिवसांचाच.

नव्या गाभ्याचें पाकीट स्वतः फोडावें आणि किल्ल्या मोजाव्या. कांहीं पाकिटांत अंकांचें एक लहान कार्ड निघतें. त्या अंकांवरून नवी किल्ली करून मिळते, म्हणून तें घराच्या कागदपत्रांत ठेवावें, जुडग्याला बांधूं नये. किल्लीला घराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी अडकविण्याची संवय तर अगदींच सोडावी. एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे अवश्य असावी. वाऱ्यानें लॅच धाडकन् लागतें आणि शेगडीवर कढई तापत असते, किंवा आंत तीन वर्षांचें मूल एकटें असतें. अशा वेळीं त्या किल्लीची किंमत कळते. त्याच कारणानें, आंतून दार उघडण्यासाठीं किल्ली लागेल असें कुलूप मुख्य दाराला नको. आग लागली, धूर कोंदला, तर अंधारांत किल्ली शोधणें शक्य होत नाहीं.

मुख्य दार बदललें कीं काम झालें असें वाटतें. पण बाहेरचें जाळीचें दार, स्वयंपाकघरामागचें दार, गच्चीचें दार आणि जिन्याखालची टपालपेटी यांनाही जुन्याच किल्ल्या लागतात. टपालपेटी क्षुल्लक वाटते खरी. बँकेचीं पत्रें तिच्यांतच पडतात.

कुलूप जड चालूं लागलें कीं त्यांत खोबरेल सोडण्याची आपली जुनी रीत आहे. दोन दिवस तें लोण्यासारखें फिरतें. मग तेलांत धूळ बसून खुंट्या चिकटतात. त्यापेक्षां शिसपेन्सिलीचें टोंक किल्लीच्या खाचांवर चोळून किल्ली चार-सहा वेळां आंत-बाहेर करावी. पेन्सिलींत असतें तें ग्राफाइट, आणि कोरडें वंगण म्हणून या कामीं तें फार चांगलें.

किल्लीच नसलेलीं, अंकांवर किंवा बोटाच्या ठशावर उघडणारीं विजेचीं कुलुपें आतां नव्या घरांतून पुष्कळ दिसतात. त्यांना किल्ल्यांचा प्रश्न नाहीं असा समज आहे. प्रश्न तोच आहे, फक्त किल्ली दिसत नाहीं. जुन्या मालकाच्या साऱ्या कुटुंबाचे ठसे त्याच्या स्मरणांत असतात. बाईंना सांगितलेला अंक असतो. आणि तें मोबाइलशीं जोडलेलें असेल तर जुन्या मालकाच्या मोबाइलवरून तें अजून उघडत असेल. अशा कुलुपाचें स्मरण मुळापासून पुसून घ्यावें, जुन्या मालकाच्या खात्यांतून तें काढून घ्यावें, आणि मग आपले ठसे नोंदवावे. अडचणीच्या वेळेसाठीं त्याला बहुधा एक साधी किल्लीही असते. ती कोणाकडे आहे, हें विचारावयास विसरूं नये.

हल्लींची आणखी एक नवी रीत सांगितली पाहिजे. घराचा ताबा मिळाल्याच्या आनंदांत तळहातावर किल्ली ठेवून तिचें छायाचित्र काढावयाचें आणि तें दहा ठिकाणीं पाठवावयाचें. आनंद समजण्यासारखा आहे. पण किल्लीचें सारें रहस्य तिच्या खाचांच्या उंचींत असतें, आणि उंची चित्रांत दिसते. अमेरिकेंत सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००८ सालीं असें दाखवून दिलें कीं, टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचें १९५ फूट अंतरावरच्या गच्चीवरून दुर्बिणीच्या साह्यानें काढलेलें छायाचित्रही त्या किल्ल्यांच्या खाचा ओळखावयास पुरतें. छायाचित्र काढावयाचेंच तर कलशाचें काढावें, तोरणाचें काढावें, नव्या पाटीचें काढावें.

भाड्याच्या घराची गोष्ट थोडी वेगळी. तेथें कुलूप मालकाचें असतें, आणि त्याला न विचारतां तें बदलणें योग्य नव्हे. पण विचारणें यांत कांहींच गैर नाहीं. आपल्या आधीं तेथें किती बिऱ्हाडें येऊन गेलीं याचा हिशेब मालकालाही क्वचितच सांगतां येतो. महाराष्ट्रांत १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी आणि नोंदविलेला असावा लागतो. त्यांतच एक ओळ घालून घ्यावी कीं, गाभा भाडेकरूनें स्वखर्चानें बदलावा, मालकाला एक किल्ली द्यावी अथवा देऊं नये, जें ठरेल तें. काढलेला जुना गाभा त्याच्या स्क्रूसकट आणि किल्ल्यांसकट एका पिशवींत बांधून, वर तारीख लिहून, माळ्यावर ठेवावा. घर सोडण्याच्या दिवशीं तोच परत बसवून द्यावा आणि आपला काढून घ्यावा. पुढच्या घराच्या दाराची जाडी तेवढीच असली तर तो तेथेंही चालतो.